दोर धरणारे हात

मंठ्याला माझी बदली झाली ती १९८८ च्या जूनमध्ये. तेव्हा मंठा तालुका नव्हता. सरकारी कामासाठी परतूरला खेटे घालावे लागत. बँकेची शाखा लहान होती. कापसाचे आडते, ज्वारी-मुगाचे व्यापारी, पीककर्जाचे खातेदार आणि शाळामास्तर हीच आमची गिऱ्हाइके. बाजाराच्या दिवशी काउंटरसमोर पाय ठेवायला जागा नसे, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई दुपारी खुशाल पेंगत असे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारी आली. पांढरे पातळ, हातात काठी, कमरेला पिशवी. पिशवीतून तिने नाणी आणि चुरगळलेल्या नोटा काढून काउंटरवर ओतल्या. एकावन्न रुपये. त्यांचा ड्राफ्ट काढायचा होता, आणि तो धर्मप्रचारक पाठवणाऱ्या एका संस्थेच्या नावे. ही बाई ख्रिस्ती. जालन्याजवळच्या बेथेलकडचे तिचे माहेर. लग्न होऊन इकडे आली आणि नवरा गेल्यावर कोंबड्या पाळून राहिली. अंडी विकून वर्षभर साठवलेले पैसे होते ते.

मी कारकुनाच्या खांद्यावरून अर्ज पाहिला आणि मला हसू आले. तोवर माझी ठाम समजूत होती, की मिशनचा पैसा बाहेरून आत येतो, आतून बाहेर जात नाही. मी विचारले, "आजी, तुम्हालाच कुणी द्यायचे, तर तुम्ही कुठे पाठवता?" ती म्हणाली, "सायब, आमच्या आज्याला कुणी तरी पैसं धाडलं, म्हून मास्तर आला अन् अक्षर कळलं. ते फेडाया नको?"

फेडायला नको का, हा प्रश्न बँकेतल्या माणसाला विचारला तर त्याला उत्तर सुचायला हवे. मला सुचले नाही.

गेली काही वर्षे मी या विषयाचे वाचन करतो आहे. धर्मप्रचारकांना परमुलखात पाठवणे, त्यांची नेमणूक करणे, त्यांना पोसणे याबद्दल आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, मिशनऱ्यांनी आपल्याला शाळा आणि दवाखाने दिले. दुसरा म्हणतो, त्यांनी पैशाने माणसे फोडली. दोन्ही आवाजांना हिशेबाची वही उघडून पाहण्यात रस नाही. मी जन्मभर वह्याच तपासल्या, त्यामुळे माझी नजर तिकडे जाते. पैसा कोणाचा, नेमणूक कोणी केली, परत बोलावण्याचा अधिकार कोणाचा आणि जमा-खर्च कोणाला दाखवला, या चार गोष्टी कळल्या की पाचवी, म्हणजे श्रद्धा खरी की खोटी, ती मी ज्याच्या त्याच्यावर सोडतो.

आधी आपल्याच अंगणात पाहू. मंठ्यापासून फार दूर नसलेल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी तंजावरपर्यंत मठ उभे केले आणि महंत नेमले. महंत भिक्षेवर राहत; पुढे मठांना इनामे मिळाली. नरसीचे नामदेव पंजाबात घुमानला पोचले. २०१५ साली आपले साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा पुष्कळांना त्या गावाचे नाव प्रथमच कळले. महानुभावांची वाट तर पंजाब ओलांडून काबूलपर्यंत गेली, आणि पंजाबात ते जयकृष्णी म्हणून ओळखले जातात. स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोला गेले त्याआधी मद्रासेत अळसिंगा पेरुमाळ दारोदार वर्गणी मागत फिरले होते, आणि खेत्रीच्या राजाने थैली मोकळी केली होती. तेव्हा 'ते पाठवतात, आपण पाठवत नाही' या म्हणण्यात अर्थ नाही. पाठवण्याला कुणाचीच खरी हरकत नसते. हरकत असते ती दुसऱ्याने पाठवण्याला.

आता बेथेल. ते वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला आणि मुंबईत खटला उभा राहिला. न्यायालयाने मुलाला बापाच्या हवाली केले. पण त्याला पुन्हा जातीत घ्यायचे की नाही यावरून ब्राह्मणांत दोन तट पडले, आणि त्याची बाजू घेतल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना पुष्कळ सोसावे लागले. नारायणराव मात्र परतले नाहीत. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून ते जालन्याला आले, मुख्यतः मांग समाजात काम केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल उभारले. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले. म्हणजे पैसा स्कॉटलंडचा, जमीन मुसलमान दिवाणाची, पाळक ब्राह्मणाच्या घरातला आणि वस्ती मांगांची. इतक्या हातांनी मिळून झालेले काम कोणा एकाच्या खात्यावर कसे टाकायचे?

माझा स्वतःचा जन्म जालन्याच्या मिशन हॉस्पिटलातला. आईचे पहिले मूल घरी दगावले होते, म्हणून माझ्या वेळी आजोबांनी बैलगाडी जुंपली. हे तेच आजोबा, जे मिशनऱ्यांना ओसरीवर बसून शिव्या घालत. गाडीतून उतरताना ते आईला म्हणाले होते म्हणे, "पाणी आपल्याच तांब्यातलं पी." उपचार चालले, पाणी चालले नाही. आई ही गोष्ट हसत हसत सांगे. मला मोठेपणी ती ऐकताना कानकोंडे व्हायला होई.

बॅप्टिस्टांची कथा याहून जुनी, आणि तिचा एक धागा थेट आपल्या मराठीत येतो. विल्यम केरी हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा माणूस. जोडे शिवता शिवता भाषा शिकला आणि पुढे बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. १७९२ साली त्याने एक पुस्तिका लिहून काढली. दूरदेशी प्रचारक पाठवावेत, हे तिचे म्हणणे. माझे लक्ष वेधले ते त्यातल्या व्यवहाराने. व्यापारी कंपन्या भागभांडवल उभारून जहाजे पाठवतात, तशी मंडळी स्थापावी आणि प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावा, असे तो सुचवतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका घराच्या मागच्या खोलीत बारा-तेरा माणसे जमली आणि तपकिरीच्या डबीत वर्गणीच्या चिठ्ठ्या पडल्या. आकडा झाला तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. एवढ्या भांडवलावर कोणत्याही बँकेने कर्ज नाकारले असते.

त्या मंडळीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी नंतर या प्रसंगाचे वर्णन खोल खाणीची उपमा देऊन केले. मी खाली उतरतो, पण वरून तुम्ही दोर धरून ठेवायचा, असे केरीने त्यांना बजावले होते. विहिरीत उतरणाऱ्या माणसाचा दोर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. पाणी आटले की गाळ काढायला आपल्याकडे एक जण उतरतो आणि चौघे काठावर उभे असतात.

यात दोर धरायलाही नाही आणि खाली उतरायलाही नाही, असे एक माणूस होते. केरीची बायको डोरोथी. लग्नाच्या वेळी तिला लिहिता-वाचता येत नव्हते. हिंदुस्थानात जायला तिने साफ नकार दिला होता. शेवटी, नुकतेच बाळंतपण झालेले असताना, मिनतवाऱ्या करून तिला जहाजावर चढवण्यात आले. बहीण बरोबर येईल तर येते, एवढीच तिची अट होती. जून १७९३ मध्ये निघालेले हे कुटुंब नोव्हेंबरात बंगालला पोचले. बरोबरचा डॉक्टर टॉमस देणेकऱ्यांना चुकवत फिरणारा गृहस्थ. पैसा त्याच्या हाती होता आणि तो बघता बघता संपला. पुढच्या वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. डोरोथीचे मन त्यानंतर सावरलेच नाही. १८०७ साली ती वारली, तोवरची तिची पुष्कळ वर्षे भ्रमात गेली. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतर करत बसलेला असे.

केटरिंगच्या खोलीत तिची नेमणूक कोणी केली नव्हती आणि ठरावात तिचे नाव नव्हते. माझ्या मंठ्याच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा तो माझ्या नावे होता. बायकोची औरंगाबादची शाळेतली नोकरी सुटली, तिला कुठल्याच कागदाने काही कळवले नाही. पहिल्या उन्हाळ्यात दोन हंडे पाण्यासाठी ती पहाटे चारला उठत असे, आणि मी वह्या घेऊन बसलेला असे. आज केरीचे चरित्र वाचताना मी त्या पानांवरून भरभर पुढे गेलो. ती म्हणाली, "थांबा, हे पान मला वाचू द्या."

तर केरी. मंडळीचा पैसा येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही हे पाहून त्याने मदनाबाटीला निळीच्या कारखान्याची व्यवस्थापकी पत्करली, महिना दोनशे रुपयांवर. मग मंडळीला कळवले, की माझ्यासाठी पैसे पाठवू नका, ते दुसऱ्या कुणावर खर्च करा. यावर मंडळीकडून शाबासकी यायला हवी होती. पण प्रचारकाने धंद्यात पडू नये, असा उपदेश करणारे पत्र आले! ज्याने खेड्यातल्या शाखेत काम केले आहे, त्याला हे पत्र ओळखीचे वाटेल. मुख्य कचेरीचा कागद नेहमी असाच असतो.

१८०० साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड श्रीरामपुरास एकत्र आले. कंपनी सरकारला प्रचारक नको होते, म्हणून डेन्मार्कच्या ताब्यातले हे गाव त्यांनी निवडले. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. पगार पाचशे, पुढे हजार. मार्शमन दांपत्याने शाळा काढल्या, वॉर्डने छापखाना चालवला. मिळकत एका पेटीत जाई आणि प्रत्येकाला खर्चापुरते काढून मिळे. त्या कॉलेजात केरी मराठीही शिकवत असे. वैजनाथ शर्मा या पंडिताच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. पुढे 'सिंहासन बत्तीशी', 'हितोपदेश' ही पुस्तके श्रीरामपुराहून निघाली. महाराष्ट्रात पाऊलही न टाकलेल्या माणसाने आपल्या छापील गद्याचा आरंभ करून दिला, आणि त्या छापखान्याच्या मुळाशी आठवड्याला एक पेनी देणाऱ्या इंग्रज कारागिरांची वर्गणी होती. १८१२ साली छापखाना जळाला, तेव्हा दहा हजार पौंडांच्या घरातले नुकसान त्यांनी काही आठवड्यांत भरून दिले.

मग भांडण लागले. १८१५ साली फुलर वारले. नव्या समितीतल्या लोकांनी केरीला कधी पाहिलेले नव्हते. श्रीरामपूरची घरे, जमीन, छापखाना यांची मालकी कोणाची, असा सवाल त्यांनी टाकला. समितीचे म्हणणे, मिशन आमचे, मालमत्ता आमची. श्रीरामपूरकरांचे म्हणणे, यातला मोठा भाग आम्ही आमच्या घामाने कमावला आहे. पत्रांना जायला पाच-सहा महिने आणि उत्तर यायला तितकेच. एवढ्यात राग निवत नाही, मुरतो. १८२७ साली दोघांनी फारकत घेतली. त्यावर १८३० ते १८३३ या काळात कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि मिशनच्या ठेवीही त्यांच्याबरोबर गेल्या.

या भांडणात मी कोणाच्या बाजूने? मालकीच्या प्रश्नात मी निःसंशय श्रीरामपूरकरांच्या बाजूचा आहे. पण हिशेब मागण्याचा समितीचा हक्क मी नाकारणार नाही. आठवड्याला पेनी देणारी मोलकरीण आपला पेनी कुठे गेला हे विचारणारच. मालकी खाली उतरलेल्याची आणि हिशेब वरच्याचा, असे वाटप त्यांना सुचले असते तर दहा वर्षे वाचली असती.

अमेरिकेतली गोष्ट आणखी चटका लावणारी. १८१२ साली तिथल्या एका मिशन मंडळाने पाच तरुणांची पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे धाडली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि 'अमेरिकन मराठी मिशन'चा पाया घातला गेला. नगरच्या शाळा, 'ज्ञानोदय', सगळे पुढे त्यातून आले. त्याच तुकडीतला अॅडोनिरम जडसन प्रवासात अभ्यास करता करता बाप्तिस्म्याबद्दलच्या बॅप्टिस्ट मताला येऊन पोचला. आपल्याला पाठवणारे मंडळ या मताचे नाही. तेव्हा त्यांचा पगार घेणे अप्रामाणिकपणाचे, म्हणून परक्या देशात, खिशात काही नसताना, त्याने राजीनामा लिहिला. त्याचा सोबती ल्यूथर राइस घोड्यावरून गावोगाव वर्गणी मागायला अमेरिकेला परतला, आणि त्यातून १८१४ साली अमेरिकी बॅप्टिस्टांची देशव्यापी मिशन संघटना उभी राहिली. जडसन ब्रह्मदेशात गेला.

त्याच संघटनेची पुढे शकले झाली ती नेमणुकीच्या प्रश्नावर. गुलाम बाळगणाऱ्याला प्रचारक नेमाल का, असे दक्षिणेतल्या मंडळ्यांनी १८४४ साली विचारले. गुलामगिरीला संमती दिल्यासारखे होईल असे आम्ही काही करणार नाही, असे मंडळाने कळवले. १८४५ साली दक्षिणेने आपली वेगळी संघटना काढली. गुलामांच्या राबण्यातून आलेला पैसा परमुलखातल्या लोकांच्या उद्धारासाठी निघाला! या संघटनेने गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षे लागली.

पण त्याच दक्षिणेत, रिचमंडच्या तंबाखूच्या वखारीत राबणारा लॉट केरी नावाचा गुलाम होता. साठवलेल्या पैशांतून त्याने १८१३ साली स्वतःला आणि मुलांना विकत घेतले. तिथल्या काळ्या बॅप्टिस्टांनी १८१५ साली आपली मिशन मंडळी काढली आणि पाच वर्षांत सुमारे सातशे डॉलर जमवले. ते घेऊन १८२१ साली तो आफ्रिकेला गेला. सातशे डॉलरची ही वही मला सगळ्यांत स्वच्छ वाटते.

'पैशाने बाटवले' या आरोपाला मी बगल देणार नाही. दुष्काळात धान्य देताना नाव लिहून घेणारे लोक होते, आणि तसे करणे वाईटच. भुकेल्या माणसाच्या ताटाला अट लावू नये. पण याच मराठवाड्यातून माणसे १९५६ साली नागपूरला गेली ती पदरमोड करून, भाकरी बांधून. त्यांना कुणी डॉलर पाठवले नव्हते. माणूस धर्म का सोडतो, याचे उत्तर पाठवणाऱ्याच्या तिजोरीत कमी आणि आपल्या पाणवठ्यावर जास्त सापडते. माझ्या आजोबांच्या तांब्यातसुद्धा.

पैसे घेणाऱ्यालाही त्याचा काच असतो. पंडिता रमाबाईंना बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्यावर १८८९ साली शारदा सदन निघाले आणि चार वर्षांत धर्माच्या वादावरून रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरीच सोडली. त्याआधी, १९०५ च्या नाताळच्या दिवशी, श्रीरामपूरलाच केरीच्या ग्रंथालयात भारतीय ख्रिस्ती एकत्र आले आणि आपली माणसे, आपला पैसा, आपली व्यवस्था असे ठरवून त्यांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था काढली होती. मिझोरममध्ये बॅप्टिस्ट आणि प्रेसबिटेरियन घरांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ते विकून आलेल्या पैशावर प्रचारक पोसले जातात. कर्मवीरांचा मुष्टिफंड ठाऊक असलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.

उलट, मोठ्या पेढीचे काय होते पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांचे परदेश मिशन मंडळ हे जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. २०१५ साली जाहीर झाले, की सहा वर्षांत त्याने मिळकतीपेक्षा सुमारे एकवीस कोटी डॉलर जास्त खर्च केले. परदेशांतल्या मालमत्ता विकून तोंडमिळवणी चालली होती. मग स्वेच्छानिवृत्ती आली. अकराशेवर माणसे कमी झाली, त्यांत बहुतेक प्रचारक. २०००-०१ साली आमच्या बँकांत लाखभर लोकांनी तीच योजना घेतली होती. निरोपाच्या चहाला अनुभवी माणसेच आधी उठून जातात, हे मी पाहिले आहे.

आपल्या सरकारने परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ साली केला, २०१० मध्ये नवा आणला आणि २०२० मध्ये आवळला. आता असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत आधी उतरतो, कचेरीखर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एका संस्थेने तो दुसरीला देण्याला बंदी आहे. हिशेब मागण्याला माझा पाठिंबा आहे. शेवटच्या बंदीला नाही. मोठ्या संस्थेला दिल्लीत वकील मिळतो. तिच्याकडून चार पैसे घेऊन खेड्यात बालवाडी चालवणारीला मिळत नाही. वही तपासावी, दोर कापू नये.

मंठ्याला मी तीन वर्षे होतो. तिन्ही डिसेंबरांत ती म्हातारी आली. ड्राफ्टचे कमिशन ती पदराच्या गाठीत वेगळे बांधून आणी. ते मी भरतो म्हटले तर रागावे. शेवटच्या वर्षी तिने बरोबर एक पाकीट आणले. संस्थेने देणगीदारांना धाडलेले ते इंग्रजी पत्र होते. किती गावे झाली, किती सभा झाल्या, किती पुस्तके वाटली, सगळे मी तिला मराठीत सांगितले. तिने ऐकून घेतले.

"माणूस बरा हाय ना?"

"बरा आहे."

"अन् त्याची बायको? तिचं काय लिवलंय?"

मी पत्र पुन्हा वरपासून वाचले. मग उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती.